करंगळीवर राहिलेली सही

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण, गिर्यारोहण मंडळात शिरल्या त्या भांडायला. चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. मंडळाची खोली आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर, जिन्याच्या पोटात. रविवारी ओढ्यात भिजवून आणलेले दोर त्या लोकांनी सोमवारी सकाळी जिन्याच्या कठड्यावर पसरले आणि त्यांचं गढूळ पाणी टिपटिप करत खाली वन्संनी वाळत घातलेल्या चादरींवर पडलं. पांढऱ्या चादरींवर! वन्सं इस्पितळात कपडेखोलीच्या मुख्य. चादरी, उशांचे अभ्रे, शस्त्रक्रियेचे अंगरखे तपासण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली. डागाला त्या डाग म्हणतच नाहीत, "गुन्हा" म्हणतात.

"आलेच," म्हणाल्या आणि बाह्या सरसावून खाली गेल्या.

मी वर दाराशी कान लावून उभी. दहा मिनिटं त्यांचा आवाज चारही मजल्यांवर फिरला. मग एकदम शांतता. मला त्या शांततेचीच जास्त धास्ती वाटली. अर्ध्या तासानं देवाचं नाव घेत खाली उतरले, तर काय, वन्सं खोलीच्या मधोमध जमिनीवर मांडी घालून बसलेल्या, भोवती दोरांची वेटोळी, आणि मंडळाची तीन मोठी माणसं शाळेत उभी केल्यासारखी भिंतीला टेकून.

"हा कागद दोराबरोबर आला होता ना? मग तो वाचला कोणी?"

कोणी वाचला नव्हता. कागदाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"पिळायचा नाही. उन्हात घालायचा नाही. सावलीत, सैल, जमिनीपासून वर. इथे लिहिलंय, चित्र काढून लिहिलंय! तुमचा जीव टांगता ना याला? माझ्या इस्पितळात पेशंटच्या चादरीला याहून जास्त मान आहे."

तिघांपैकी जे सर्वांत वयस्कर होते, ते मंडळाचे अध्यक्ष. पेशानं दातांचे डॉक्टर. ते घसा साफ करून म्हणाले, "ताई, तुम्ही गुरुवारी संध्याकाळी मोकळ्या असता का?"

झालं. त्या गुरुवारपासून खोलीची किल्ली वन्संकडे आली ती आलीच.

लग्न त्यांनी केलं नाही. कोणी खोदून विचारलं तर म्हणतात, "मोजणी चालू होती, मधे उठता आलं नाही." आमच्याकडे त्या माझ्या लग्नाआधीपासून आहेत, म्हणजे खरं तर मीच त्यांच्याकडे आले. मला पहिल्या दिवशी त्यांनी चादरीचा कोपरा कसा दुमडायचा ते शिकवलं आणि दुसऱ्या दिवशी माझा दुमडलेला कोपरा उसवून पुन्हा शिकवला. भांडण आमचं कधी झालं नाही. मी जपाला बसले की त्या आवाज न करता भांडी लावतात आणि मनातल्या मनात ताटल्या मोजतात, म्हणजे दोघींचं नामस्मरण एकदमच चालतं.

मंडळात त्यांना सगळे गाठमावशी म्हणतात. कारण असं की प्रत्येक नव्या सभासदाला त्या आठची गाठ घालायला लावतात. दोर आपल्या कंबरेच्या पट्ट्याला बांधतात ती गाठ, आठाच्या आकड्यासारखी. पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून, मग मिटून, मग हात पाठीमागे, आणि शेवटी त्या समोर बसून काहीतरी विनोदी सांगत असताना. "डोंगरावर तुम्हाला शांत बसून कोण गाठ घालू देणार आहे? शेजारचा बडबडणारच!" डॉक्टरांची गाठ या शेवटच्या परीक्षेत तीन वेळा सुटली. वन्संचे विनोद फार चांगले नसतात, पण डॉक्टर फार लवकर हसतात.

आणि त्यांची ती दोरांची वही! मंडळाच्या प्रत्येक दोराला तीत एक पान. जन्मतारीख, रंग, नंबर, कोणत्या रविवारी कोणत्या कड्यावर गेला, त्याच्यावर कोण पडलं, किती पडलं. "खांब, नऊ फूट, स्वतःच्या चुकीनं." खांब म्हणजे आमच्या गल्लीतला वायरमन, सव्वासहा फुटांचा, खांबावर चढण्याचाच धंदा म्हणून तेच नाव. तो बिचारा म्हणतो, "मावशी, स्वतःच्या चुकीनं हे कशाला लिहायचं?" "बरं, मग कोणाच्या चुकीनं लिहू?" महिन्यातून एकदा वन्सं प्रत्येक दोर टोकापासून टोकापर्यंत बोटांतून सोडतात, डोळे मिटून. कुठे मऊ लागलं, कुठे फुगीर लागलं, की थांबतात. तो दोर बाद. बाद झालेले दोर कापून त्या इमारतीत वाटतात. आज चारही मजल्यांचे कपडे ज्यांच्यावर वाळतात ते सगळे दोर कधी ना कधी कड्यावर जाऊन आलेले आहेत.

पण वन्सं स्वतः कधी कड्यावर गेल्या नव्हत्या. पायथ्याशी जायच्या, झाडाखाली बसायच्या, दोर द्यायच्या, दोर घ्यायच्या. कोणी म्हणालं, "मावशी, एकदा तरी या वर," तर म्हणायच्या, "मी वर आले तर खाली दोर कोण मोजणार?" त्यात काहीच खोटं नव्हतं. निवृत्त झाल्यावरही तेच उत्तर.

मग गेल्या महिन्यात वरच्या महासंघाकडून नवी नियमावली आली. पंचवीस पानं. त्यातल्या सोळाव्या पानावर लिहिलं होतं की साहित्याची जबाबदारी ज्या व्यक्तीकडे असेल तिनं निदान एक कडा दोरावर चढलेला असावा आणि त्याची लेखी नोंद असावी. आता आमच्या मंडळाची लेखी नोंद म्हणजे करंगळी. शहराबाहेर तासाभराच्या वाटेवर डोंगराच्या कडेला या नावाचा एक सुटा सुळका उभा आहे, सात मजली इमारतीएवढा, वर निमुळता होत गेलेला. त्याच्या माथ्यावर एक लोखंडी पेटी आहे आणि पेटीत वही. जो चढेल तो सही करतो. डॉक्टर नियमाचे पक्के. रुग्णाच्या तोंडात बोट घालण्याआधी स्वतःचे हात दोनदा धुणारे. गुरुवारी आले, खुर्चीवर बसले, पुन्हा उठले.

"ताई, मला फार वाईट वाटतंय."

"मग वाटून घेऊ नका. काय आहे ते सांगा."

त्यांनी सांगितलं. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारच्या आत, म्हणजे वार्षिक सभेच्या आत, वहीत सही नसेल तर किल्ली दुसऱ्या कोणाला द्यावी लागेल. तोवर ती अध्यक्षांकडे राहील.

"नियम बरोबर आहे," वन्सं म्हणाल्या. मला वाटलं होतं, आता चार मजले पुन्हा हादरणार. पण नाही. "ज्या दोराला मी कधी लटकले नाही त्याला पास-नापास करतेय, हे मलाही कधीकधी खटकतं." आणि त्यांनी किल्ली काढून डॉक्टरांच्या हातावर ठेवली. डॉक्टरांचा चेहरा असा झाला की जणू चुकीचा दात उपटला.

नंतरचे दोन दिवस मात्र बघवत नव्हते. त्या सकाळी दूध आणायला खाली जायच्या आणि त्या खोलीच्या जाळीच्या दाराशी थांबायच्या. आत दोर खुंट्यांवर टांगलेले, दिसायचे. हात पोचायचा नाही. शनिवारी वर येऊन म्हणाल्या, "अकरा नंबर कोणीतरी घट्ट गुंडाळलाय. मला इथून दिसतंय. त्याला श्वास घेता येत नसेल." मग पोळपाटाकडे बघत म्हणाल्या, "उद्या मी चढते. तू चल."

"मी? मी काय करू तिथे?"

"तुझी माळ घेऊन ये."

यजमानांना सकाळी कळलं. त्यांनी आधी हसून बघितलं, मग रागावून बघितलं, मग गुडघ्याचा विषय काढला. "अगं ताई, एकसष्ट वर्षांची तू! जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर थांबतेस!"

"तिसऱ्या मजल्यावर मी थांबते कारण तिथल्या बाई दारात उभ्या असतात," वन्सं म्हणाल्या. "सुळक्यावर कोणी दारात उभं नसतं. तुझी ती खाकी पँट दे."

यजमानांची खाकी पँट, कंबरेला आवळून, खालून दोनदा दुमडलेली. दुमड अर्थातच सरळ रेषेत. मी बघितलं आणि हसू आवरेना. त्यांनी आरशात बघितलं आणि त्यांनाही आवरेना. आम्ही दोघी पलंगावर बसून पोट धरून हसलो आणि यजमान दारात उभे राहून म्हणत होते, "यात हसण्यासारखं काय आहे? मला कोणी सांगेल का?"

पायथ्याशी सातजण होते. पुढे चढणारी आमची कंडक्टर, शहराच्या बसवर तिकिटं देते, अंगानं काडी पण बोटांत भलती ताकद. "मावशी, पाय दिसतो तिथे ठेवायचा आणि वर बघायचं. खाली बघायची सोय आपण केलेलीच नाही." डॉक्टर खाली राहणार होते. ते अकरा वर्षांपूर्वी पाठ धरल्यापासून चढत नाहीत, फळा सांभाळतात. फळा म्हणजे एक लाकडी पाटी, तिला खिळे, प्रत्येक खिळ्यावर एकेका सभासदाचा पितळी बिल्ला. वर जाताना आपला बिल्ला काढून खिशात घालायचा, खाली आल्यावर परत अडकवायचा. फळा भरला की सगळे उतरले. ही पद्धत वन्संनीच घालून दिलेली, इस्पितळातल्या धुलाईच्या कपड्यांवरून.

कंडक्टर वर गेली, दोर लावला आणि हाक मारली. वन्सं कड्याला भिडल्या. मी झाडाखाली बसून डोळे मिटले. देवाला म्हटलं, हे बघ, बाकीच्या सहा जणांकडे तू आज जरा कमी लक्ष दिलंस तरी चालेल, ते सराईत आहेत. लगेच चूक लक्षात आली आणि म्हटलं, नाही, सगळ्यांकडेच दे, पण सुरुवात वन्संपासून कर.

माळेचा पहिला फेरा झाला तेव्हा वरून आवाज आला, "अगंबाई!" डोळे उघडले. वन्सं दोन मजले चढलेल्या, एक पाय हवेत. "अगंबाई, हा दगड गरम आहे!" दुसऱ्या फेऱ्याला, "कंडक्टर, इथे फूल आलंय, यावर पाय ठेवू का नको?" "बाजूला ठेवा मावशी!" "फुलाच्या बाजूला का माझ्या?" तिसऱ्या फेऱ्याला त्या हसायला लागल्या आणि त्यांचं हसू थांबेना. कंडक्टर वरून ओरडतेय, "मावशी, हसू नका, बोटं सुटतील!" आणि त्या म्हणताहेत, "मी नाही हसत, आपोआप येतंय!" पाचवा फेरा संपायच्या आत त्यांचं हेल्मेट माथ्यावर दिसलं आणि मग नाहीसं झालं. खाली एकच टाळ्या. मी माळ डोळ्यांना लावली.

इथवर सगळं नीट झालं. पुढचं सांगण्याआधी माथा कसा आहे ते सांगायला हवं. तो एका मोठ्या पलंगाएवढा आहे आणि मधोमध छातीएवढा उंच खडक. खडकाच्या अलीकडे एक कडी, तिथून दोरावरून खाली उतरतात. पलीकडे दुसरी कडी आणि पेटी. वन्सं पलीकडच्या कडीला स्वतःला अडकवून निवांत बसल्या आणि त्यांनी वही उघडली. इकडे एकेकजण चढत होता, खडकावरून हात लांबवून वहीवर सही ठोकत होता आणि उतरत होता. कंडक्टर आधी उतरली, कारण नवख्यांचा दोर खालून धरायला तीच लागते. सगळ्यांत शेवटी खांब. त्याला सांगितलं होतं, आधी मावशींना सोड, मग तू ये. पण तेवढ्यात एक घार त्याच्या डोक्यावरून गेली, तो तिचे फोटो काढत बसला आणि वळून बघतो तर मावशी दिसेनात. त्याला वाटलं, गेल्या. रिवाजाप्रमाणे त्यानं विचारलंही, "वर कोणी आहे का?" वारा त्याच्या तोंडावर. उत्तर आलं नाही. उतरला, बिल्ला अडकवला.

डॉक्टरांनी फळा बघितला. भरलेला. "सगळे खाली. दोर ओढा."

ओढला. दोर कडीतून सरसरत सुटला आणि धप्पकन खाली येऊन पडला. सगळे पाणी प्यायला बसले.

मी डोळे उघडले ते त्या धप्प आवाजानं. "झालं का सगळं?" मी विचारलं.

"झालं," डॉक्टर म्हणाले.

"मग वन्सं कुठायत?"

डॉक्टरांनी फळ्याकडे बघितलं. खांबानं डॉक्टरांकडे बघितलं. कंडक्टरनं पाण्याची बाटली खाली ठेवली. मग सातही जणांनी एकदम वर बघितलं.

सात खिळे आणि सात बिल्ले. ज्या बाईनं तो फळा सुरू करून दिला, तिच्या नावाचा खिळाच त्यावर नव्हता. लागला कधी होता?

"मावशीऽऽऽ!"

खडकाच्या कडेवरून हेल्मेट डोकावलं. मग चष्मा. "काय हो? माझी पाळी आली का?" त्यांनी कडीकडे बघितलं. मग खाली आमच्याकडे, मग आमच्या पायाशी पडलेल्या दोराकडे. मला वाटलं, आता किंचाळतील. माझ्या हातातली माळ कुठल्या मण्यावर होती तेही आठवेना.

आणि वन्सं हसल्या. मघाचं ते आपोआपचं हसू, पण आता माथ्यावर बसून, सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं.

"अहो डॉक्टर! किल्ली परत द्यायची नसेल तर तसं सरळ सांगायचं होतं!"

डॉक्टर मटकन खाली बसले.

कंडक्टर बूट आवळायला लागली. "थांबा मावशी, हलू नका, मी पुन्हा चढते. अर्धा तास!"

"कशाला? बस तू. सुतळी आहे माझ्याकडे." दोरांची वेटोळी बांधायला त्यांच्या खिशात सुतळीचा गुंडा असतोच, यजमानांच्या पँटच्या खिशातही होता. त्यांनी बरोबर नेलेला बिस्किटांचा डबा सुतळीला बांधला आणि सोडला. डबा कड्यावर ठणठण आपटत, गिरक्या घेत खाली आला. आत चार बिस्किटं आणि वहीतल्या कोऱ्या पानाचा एक तुकडा. त्यावर त्यांचं ते सुबक अक्षर: "निळा, सात नंबर. एक टोक सुतळीला बांधा."

खांबानं हाताशी होता तो दोर बांधला. वन्संनी ओढायला सुरुवात केली. दोनेक मजले वर गेला असेल, तोच थांबला आणि परत खाली यायला लागला.

"काय झालं मावशी?"

"हा तांबडा आहे!"

"अहो, आता काय फरक पडतो!"

"तुला पडत नसेल. यावर तू दोनदा पडलायस, मला ठाऊक आहे. सात नंबर पाठव!"

सात नंबर पिशवीच्या तळाशी होता. सगळी पिशवी उलटी केली. खांब बडबडतोय, कंडक्टर हसतेय, डॉक्टर फळा उराशी धरून बसलेत, आणि वर वन्सं पाय पसरून उरलेलं बिस्किट खाताहेत. शेवटी निळा दोर सुतळीमागून वर गेला. त्यांनी टोक कडीतून ओवलं आणि हळूहळू सोडत खाली आणलं. मग कंडक्टरनं खालून एकेक विचारायचं आणि त्यांनी वरून उत्तर द्यायचं. कडीतून गेला? गेला. पीळ? नाही. तुमच्या पट्ट्यातलं उतरायचं यंत्र बसलं? बसलं. कॅराबिनरच्या हुकाचा पेच फिरवला? "दोनदा फिरवला, तू पण फिरवत जा!" मग खांब, कंडक्टर आणि आणखी दोघं, असे चौघं मिळून दोराच्या दोन्ही टोकांना लोंबकळले. दोर जागचा हलला नाही. तेव्हा कुठे डॉक्टर म्हणाले, "या."

वन्सं कड्याला पाठ न लावता, पाय रोवून, एकेक पाऊल मागे टाकत आल्या. मला डोळे मिटायचं भानच राहिलं नाही. जमिनीला पाय लागला तेव्हा त्यांचं तोंड कानापर्यंत. मी जाऊन मिठीच मारली. पँटचा एक पाय उलगडला होता, तो त्यांनी तिथल्या तिथे दुमडला.

डॉक्टर समोर आले. डोळे ओले. "ताई, माझी चूक. फळ्याकडे बघितलं, माणसांकडे बघितलं नाही." खिशातून किल्ली काढली. "तुमची सही झाली, आता ही तुमची."

वन्संनी हात पुढे केला. मग मागे घेतला.

"सही नाही झाली."

"म्हणजे?"

"वाचत बसले होते. इतकं काय काय लिहिलंय त्या वहीत! कोणी लिहिलंय, वर आलो, वाटतं तितकं काही नाही. त्याखाली दुसऱ्यानं, खोटं बोलतोय, याचे पाय मी धरले होते. एकानं नुसती बेरीज करून ठेवलीय, कसली कोण जाणे, आणि तीही चुकलेली, ती मी दुरुस्त केली. म्हटलं, सगळं वाचून झालं की निवांत सही करू. तेवढ्यात तुमचा आरडाओरडा. मग दोराच्या नादात पेटी बंद केली आणि आले."

"पण मावशी, आम्ही सगळ्यांनी बघितलं की," कंडक्टर म्हणाली. "सात साक्षीदार!"

"आठ," मी म्हटलं.

डॉक्टरांनी नियमाच्या पक्क्या माणसाला जमेल तेवढ्या हळू आवाजात म्हटलं, "ताई, झाली असं समजून घेऊ."

"नका समजून घेऊ," वन्सं म्हणाल्या. "चौदा वर्षांत दोराच्या वहीत मी एक ओळ समजून लिहिलेली नाही. आणि डॉक्टर, तुम्ही पहिल्यांदा चढलात तेव्हा तुम्हीसुद्धा..." त्या थांबल्या, त्यांच्या कानाशी वाकल्या आणि काहीतरी कुजबुजल्या. डॉक्टर गळ्यापासून टकलापर्यंत तांबडे झाले आणि मग असे हसायला लागले की त्यांना झाडाचा आधार घ्यावा लागला. त्यांनी त्या वहीत काय लिहून ठेवलंय, ते वन्संनी मलासुद्धा अजून सांगितलेलं नाही. मी विचारणं सोडलेलं नाही.

"मग आता?" खांबानं विचारलं.

"आता काय! अजून बारा वाजले नाहीत. दोर लागलेलाच आहे." वन्सं पट्टा आवळत होत्या. "मी पुन्हा जाते."

त्यांचा चेहरा मी बघत होते. किल्लीसाठी जाणाऱ्या माणसाचा तो चेहरा नव्हता. जत्रेतल्या पाळण्यातून उतरून पुन्हा रांगेच्या टोकाशी पळणाऱ्या मुलीचा होता. मला वाटतं, सही खरोखर विसरल्या होत्या, पण विसरल्याचं त्यांना मुळीच वाईट वाटत नव्हतं.

या खेपेला डॉक्टर म्हणाले, खालून दोर मी धरतो. कंडक्टर त्यांच्यामागे उभी राहिली, दोराचा शेपटा हातात घेऊन. वन्सं निघाल्या. पहिल्यापेक्षा भराभर, आणि वर जाताना सगळ्यांना सांगत: इथे तो गरम दगड, इथे ते फूल, इथे पकड आहे पण खोटी आहे, कोणी फसू नका. माझी माळ चालू होती, पण खरं सांगायचं तर तिसऱ्या फेऱ्यात मी नाव सोडून "तो डावा पाय, डावा पाय" असंच म्हणत होते. देवाला तेवढं कळतं.

माथ्यावर पोचल्या. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज खालपर्यंत आला. मग बराच वेळ काही नाही.

"मावशी! वाचत बसू नका!"

"पेन चालत नाहीये!"

खालचे सातहीजण एकदम आपापले खिसे चाचपू लागले.

"चाललं! चाललं! झाली सही!"

दोन्ही हात वर करून त्या उभ्या राहिल्या. खाकी पँट वाऱ्यानं फुगलेली. कोणीतरी शिट्टी वाजवली, बहुतेक मीच. आयुष्यात पहिल्यांदा, आणि ती वाजली.

उतरल्यावर डॉक्टरांनी दुसऱ्यांदा किल्ली पुढे केली. वन्संनी घेतली, मुठीत धरली, आणि वर सुळक्याकडे बघितलं.

"डॉक्टर, एक सांगू? सोमवार ते शनिवार ही माझ्याकडे राहू दे. दोर मी बघीन, वही मी लिहीन, गुरुवारी गाठी मी शिकवीन. पण रविवारी पायथ्याशी दोर मोजायला दुसरं कोणीतरी बघा."

"का?"

"मला वेळ नसणार."

डॉक्टर नियमावलीची सगळी पानं मनात उलटत उभे राहिले. रविवारबद्दल त्यात काही नव्हतं. "ठीक आहे," ते म्हणाले. "रविवारी मोजायला मी."

"तुम्ही नको!" सातजण एकदम ओरडले, आणि डॉक्टरांचा आवाजही त्यात होता, असं कंडक्टर शपथेवर सांगते.

आज मंगळवार. सकाळी पूजा आटोपून मी स्वयंपाकघरात गेले तर वन्सं दाराच्या चौकटीला आठ बोटांनी लटकलेल्या. कंडक्टरनं सांगितलंय म्हणे, रोज दहा आकडे. मी गरम पातेलं घेऊन खालून वाकून गेले. यजमान वर्तमानपत्राआडून म्हणाले, "ताई, चौकट निखळेल." त्या म्हणाल्या, "सहा, सात," आणि मग, "मधे बोलू नकोस, आता पुन्हा पहिल्यापासून."